वहीतलं वाकडं वाचन: खोडायचं की ठेवायचं?

ध्रुवक
लंबकाच्या प्रयोगात एखादं वाचन फटकून आलं की मुलं ते खोडतात आणि गुरुत्वत्वरणाचं (g) उत्तर ९.८ च्या आसपास येईल असा आकडा भरतात. शिक्षकही मुकाट सही करतात. माझा याला ठाम विरोध आहे.

इंग्रज नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे करत होता. जहाजाचं तोंड फिरलं की होकायंत्राचं वाचन बदलतं, हे त्याच्या लक्षात आलं. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असताना फरक नगण्य, पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना सर्वांत जास्त. 'यंत्रच खराब' म्हणून त्याला मोकळं होता आलं असतं. पण त्याने नोंदी ठेवल्या, दोन्ही गोलार्धांतल्या ताडून पाहिल्या आणि मूळ जहाजावरच्या लोखंडात आहे हे दाखवलं. ही चूक कमी करायला होकायंत्राजवळ बसवतात त्या उभ्या लोखंडी कांबेला आजही त्याचंच नाव आहे.

शंकासुर
फ्लिंडर्स मुरलेला दर्यावर्दी होता हो! नववीतल्या मुलाचं वाचन बिघडतं ते दोलनं मोजताना गप्पा मारल्यामुळे. २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचं दिसलं, जगभर गवगवा झाला. निघालं काय, तर ऑप्टिकल फायबरचा जोड नीट बसला नव्हता. मुलांना आधी जोड तपासायला शिकवा.

ध्रुवक
तपासायचं तर वाचन वहीत राहायला हवं ना? ऑपेरावाल्यांनी ते खोडलं नव्हतं.

सुकाणू
घाईघाईने कारण चिकटवणं हे खोडण्याइतकंच वाईट. १८३८ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने 'रेनबो' या लोखंडी जहाजावर प्रयोग केले आणि चुंबक व लोखंड बसवून होकायंत्र ताळ्यावर आणलं. प्रश्न मिटला असं बऱ्याच जणांना वाटलं. दर्यावर्दी आणि चुंबकत्वाचा अभ्यासक विल्यम स्कोर्सबीला मात्र ते मान्य नव्हतं. जहाज बांधताना हातोड्याच्या ठोक्यांनी लोखंडात शिरलेलं चुंबकत्व लाटांच्या माऱ्याने बदलतं, म्हणून बंदरातली दुरुस्ती भर समुद्रात दगा देईल, असं तो सांगत राहिला. १८५४ मध्ये 'टेलर' हे नवंकोरं लोखंडी जहाज डब्लिनजवळच्या लँबे बेटावर आपटलं, शेकडो माणसं गेली. होकायंत्राची चूक हे एकमेव कारण नव्हतं, पण त्यावरून वाद पेटला. १८५६ मध्ये स्कोर्सबी उतारवयात 'रॉयल चार्टर'वरून ऑस्ट्रेलियाला गेला आणि बदल प्रत्यक्ष मोजून आला.

वर्गात 'हवेचा विरोध असेल' म्हणून विषय गुंडाळणाऱ्या शिक्षकाची मला जास्त भीती वाटते.

शंकासुर
हे पटलं. पण मग 'कारण कळलं नाही' हेही उत्तर चालायला हवं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेने युरेनसच्या भरकटण्यावरून नेपच्यूनची जागा सांगितली, तो १८४६ मध्ये सापडलाही. बुधाची कक्षाही गणिताशी जुळत नव्हती, म्हणून तीच युक्ती त्याने बुधाला लावली आणि व्हल्कन नावाचा ग्रह कल्पिला. तो कधीच मिळाला नाही. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सोडवेपर्यंत तसाच पडून होता. आता अशा उत्तराला गुण कसे देणार ते सांगा.

ध्रुवक
काय काय तपासलं त्याला द्या. दोऱ्याची लांबी परत मोजली का, दोलनं दुसऱ्याकडून मोजून घेतली का.

शंकासुर
मग मुलं तेही घरी बसून लिहितील!