हिफ-वन-अल्फाचा बँड १२० ला नाही, ७५ ला येतोय. अँटिबॉडी बदलू का?

नमस्कार मंडळी,

वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन्स वजनानुसार जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) नेहमी करणारं कुणी इथे असेल तर कृपया मार्ग दाखवा. हेला (मानवी कर्करोगाच्या) पेशींमध्ये हिफ-वन-अल्फा हे प्रोटीन बघतोय. १ टक्का ऑक्सिजनमध्ये ४ तास ठेवलेल्या पेशींत हे प्रोटीन साठायला हवं, नेहमीच्या हवेतल्या पेशींत जवळजवळ दिसू नये. माझ्या ब्लॉटवर ११०-१२० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं एकक) आसपास काहीच नाही. ७५ च्या जरा खाली मात्र ठसठशीत बँड आहे, दोन्ही लेनमध्ये सारखाच जाड.

सरांच्या मते तो हिफचाच तुटलेला तुकडा. मला पटत नाही, कारण तुकडा असता तर ऑक्सिजन कमी केल्यावर थोडा तरी वाढला असता. सीनियर ताई म्हणते, अँटिबॉडी भलतंच काहीतरी पकडतेय, दुसरी मागव. पण सीएसआयआरच्या फेलोला वर्षाची कंटिन्जन्सी (संशोधन खर्चाची रक्कम) २०,००० रुपये, आणि ही व्हायल त्याहून महाग. ऑर्डर टाकण्याआधी खात्री हवी आहे.

पद्धत अशी: चेंबरमधून प्लेट काढून पीबीएसने धुतली, ट्रिप्सिनने पेशी सोडवल्या, सेंट्रिफ्यूज केल्या, मग रिपा बफरमध्ये फोडल्या. प्रोटिएज इन्हिबिटर घातला होता. ८ टक्के जेल, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, प्रायमरी (हिफला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) १:१००० रात्रभर. ॲक्टिन (तुलनेसाठी बघायचं, सगळ्या पेशींत असणारं प्रोटीन) छान येतं. पॉन्सोमध्ये (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीन्स दाखवणारा रंग) १०० च्या वरचा भाग थोडा फिकट दिसतो.

शेजारच्या लॅबमधून ७८६-ओ पेशींचं लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) मिळतंय. त्यांच्यात व्हीएचएल (हिफचा नाश घडवणारं प्रोटीन) नाही, म्हणून पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून चालेल असं सांगितलं गेलं. लावू का?

प्रतिसाद १

अँटिबॉडी इतक्यात बदलू नका. तुमचं प्रोटीन बहुधा जेलपर्यंत पोचतच नाहीये. ऑक्सिजन मिळाला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही एन्झाइम्स त्याच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलिनवर खूण करतात, व्हीएचएल ती ओळखतं आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) त्याचा फडशा पाडतो. हवेत त्याचं अर्धायुष्य ५ मिनिटांहूनही कमी. ट्रिप्सिन आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तुमचा जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ते संपतं. प्रोटिएज इन्हिबिटरचा इथे उपयोग नाही, तो प्रोटिअसोमला नीट अडवत नाही.

प्लेट बाहेर येताक्षणी बर्फावर ठेवा, माध्यम ओतून टाका आणि गरम लेम्ली बफर (प्रोटीन जेलवर चढवण्यासाठीचा) थेट पेशींवर घालून खरवडून घ्या. सोबत एक प्लेट १०० ते १५० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइडमध्ये ४ ते ६ तास ठेवा. कोबाल्ट त्या हायड्रॉक्सिलेजनाच अडवतं, त्यामुळे हवेतही हिफ टिकतं. तिथे १२० ला बँड आला तर अँटिबॉडी ठीक आहे. हिशेबाने वजन ९३ किलोडाल्टन भरतं, तरी ते ११०-१२० लाच धावतं, म्हणजे बघताय ती जागा बरोबर आहे.

आणि ७८६-ओ पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून नको! त्या पेशी हिफ-वन-अल्फा बनवतच नाहीत, फक्त हिफ-टू-अल्फा बनवतात. पण लायसेट टाकूनही देऊ नका, कारण तो तुमचा निगेटिव्ह कंट्रोल आहे. ७५ चा बँड तिथेही दिसला तर तो हिफ नाही, हे सरांना दाखवता येईल. पॉझिटिव्हसाठी आरसीसी४ पेशी बघा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालतो: मेम्ब्रेनची एक पट्टी कापून तिला फक्त सेकंडरी (प्रायमरीला पकडून बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) लावा. ७५ चा बँड तिथेही आला तर प्रायमरीचा काहीच दोष नाही. पॉन्सो वर फिकट आहे म्हणजे मोठी प्रोटीन्स जेलमध्येच अडकत असावीत. वेट ट्रान्सफर, ३० व्होल्ट, रात्रभर कोल्ड रूममध्ये, मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा. शेवटचा पुरावा मात्र एसआय-आरएनएचाच (ठराविक प्रोटीन बनणं कमी करणारा छोटा आरएनए). हिफ उतरवल्यावर जो बँड फिका पडेल, तोच त्याचा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कोबाल्टची प्लेट आणि ७८६-ओ एकाच जेलवर लावतो. गरम लेम्लीत घेतल्यावर प्रोटीन कसं मोजायचं? बीसीए (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) चालणार नाही ना?

प्रतिसाद १

नाही चालणार, बफरमधला मर्कॅप्टोइथेनॉल आणि निळा रंग दोन्ही घोटाळा करतात. सगळ्या प्लेट्समध्ये पेशी मोजून सारख्या टाका, बफरही सारखाच घाला. लायसेट चिकट होईल, डीएनए सुटतो त्यामुळे. जेलवर चढवण्याआधी बारीक सुईतून काही वेळा ओढून घ्या, नाहीतर लेन वेड्यावाकड्या धावतील.