कैदेच्या शिक्षेत औषधबंदीची शिक्षा कोणी जोडली?

रेवाकाठ

"नंबर लागला होता, पण गार्ड आला नाही." गेल्या आठ महिन्यांत माझ्या एका अशिलाने हे मला चार वेळा सांगितलं.

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरची वकील. हा माणूस बावन्न वर्षांचा, मोटारसायकल चोरीच्या आरोपाखाली एका मध्यवर्ती कारागृहात आहे. छातीत दुखतं म्हणून आतल्या डॉक्टरांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिला. सरकारी दवाखान्याच्या चार तारखा मिळाल्या आणि चारही पोलीस गार्ड नसल्यामुळे गेल्या. जामीन त्याला केव्हाच मंजूर झालाय. पंधरा हजारांचा जामीनदार उभा करणारं कोणी नाही, म्हणून तो आत आहे.

अशा माणसांची संख्या थोडी नाही. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि माणसं होती ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

तळोज्याच्या कारागृहात एल्गार परिषद प्रकरणातले कच्चे कैदी, वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तर त्यासाठी कोर्टात अर्जफाटे झाले. मे २०२१मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं की आत आलो तेव्हा मी माझा चालत होतो, आंघोळ करत होतो, लिहीत होतो. आता यातलं काही जमत नाही. ५ जुलैला ते गेले. जामीन अर्ज प्रलंबितच होता. प्रा. साईबाबांसोबत माओवादी संबंधांच्या खटल्यात शिक्षा झालेला गडचिरोलीचा पांडू नरोटे नागपूर कारागृहात असताना ऑगस्ट २०२२मध्ये आजारी पडून गेला. मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. निकाल ऐकायला तो नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. न्यायालय माणसाला कोंडून ठेवायला सांगतं. त्याचा इको चुकवा, इन्सुलिन उशिरा द्या, असं कुठल्याही आदेशात मी अजून वाचलेलं नाही. मग ही शिक्षा कोण देतंय?

खटावची_माती

ताई, तुमचा कळवळा खरा असेल. पण मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझ्या मावसभावाचा खून झाला त्याला नऊ वर्षं झाली. मावशीला रक्तदाब आहे, साखर आहे. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. इको करायचा तर साताऱ्याला जा, दिवस मोडा, खाजगीत पैसे भरा. तिला कुठला गार्ड आणि कुठला नंबर? जिने काही केलं नाही तिला जे मिळत नाही ते आरोपीला हक्क म्हणून का मिळावं? मानवाधिकारवाले आमच्या दारात एकदाही आले नाहीत. हे मी रागाने लिहितोय, आणि राग आहेच.

शिरीष_कोथरूड

खटावकरांशी सहमत, कारण वेगळं. "उपचार" हा पैसेवाल्या आरोपींचा मागचा दरवाजा झालाय. पुण्यात ससूनमध्ये काय झालं ते विसरलात? ड्रग्ज प्रकरणातला आरोपी महिनोन्महिने वॉर्डात राहिला, तिथून धंदा चालवला आणि २ ऑक्टोबर २०२३ला पळाला. पुढाऱ्याला अटक झाली की त्याच्या छातीत कळ येतेच. कैद्यांना बाहेर नेणं सोपं करा म्हणताय, त्याचा फायदा तुमच्या मोटारसायकलवाल्याला होणार की त्या लोकांना?

आणि एक प्रश्न. जामीनदार मिळत नाही तर अट कमी करायला अर्ज का नाही केला?

रेवाकाठ

शिरीष, केलाय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलंय की जामीन मंजूर होऊन महिन्याभरात बंधपत्र दिलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. त्याचाच आधार घेतलाय. अर्जावर तीन तारखा पडल्या, त्यातल्या एका तारखेला त्याला हजरच केलं नाही. कारण तेच, गार्ड नाही.

ससूनचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. ज्याच्या हाती पैसा त्याला महिनोन्महिने वॉर्ड, आणि ज्याला कोणी नाही त्याला एका तपासणीपुरती गाडीही नाही. कोणाला न्यायचं हे लेखी नियमाने आणि आजाराच्या निकडीने ठरत नाही, तिथेच हे दोन्ही घडतं.

खटावकर, तुम्हाला उत्तर सवडीने देते. घाईत देण्यासारखं ते नाही.

बक्कल_१४

मी पोलीस मुख्यालयात होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. गार्ड का येत नाही ते मला विचारा.

सकाळी मागणी येते. कोर्टाची वेगळी, दवाखान्याची वेगळी. समजा चाळीस कैदी कोर्टात न्यायचेत, आठ दवाखान्यात. माणसं तेवढी कधीच नसतात. गणपती आला, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा आला की बंदोबस्ताला आधी उचलतात ते मुख्यालयातल्यांनाच. मग उरलेल्यांत कोर्ट आधी, कारण न्यायाधीश विचारतात. दवाखान्याची तारीख गेली तर विचारणारं कोणी नसतं.

आणि भीती. ओपीडीच्या रांगेत तीनशे माणसं, तुमच्या हातात बेडीची साखळी, कैद्याला लघवीला जायचंय. तो पळाला तर निलंबन माझं आणि पोरांची फी थांबते माझ्या घरी. मी एकदा हृदयाच्या पेशंटला बेडी काढून झोपू दिलं म्हणून बोलणी खाल्ली आहेत. ताई, पोलिसाला निर्दयी म्हणू नका. आम्हीही त्या रांगेत बिनजेवणाचे सहा-सहा तास उभे असतो.

माझं मत विचाराल तर डॉक्टरला आत न्या. आठवड्याला एक हृदयाचा, एक त्वचेचा, एक मनोविकाराचा, एक बायकांचा. इकोचं मशीन सुटकेसएवढं येतं आता. एक डॉक्टर आत नेणं सोपं की तीस कैदी बाहेर काढणं?

लीड्सची_सून

बक्कलकाका, अगदी बरोबर. मी इथे नर्स आहे. इंग्लंडमध्ये तुरुंगातली आरोग्यसेवा २००६पासून पूर्णपणे एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे आहे. तुरुंगातला डॉक्टर अधीक्षकाचा माणूस नसतो, हा मोठा फरक. "याला खरंच दुखतंय की नाटक करतोय" हे ठरवताना त्याच्यावर दुसऱ्या कोणाची मर्जी राखायची वेळ येत नाही. शिरीष म्हणतात त्या खोट्या कळेवरही तोच इलाज.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. नफील्ड ट्रस्ट या इथल्या आरोग्य अभ्याससंस्थेच्या पाहणीत २०१७-१८ साली कैद्यांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या दहापैकी चार तारखा चुकल्या होत्या. मोठं कारण सोबत न्यायला कर्मचारी नसणं. वाचून मला माहेरची आठवण झाली.

शिरीष_कोथरूड

डॉक्टर स्वतंत्र हवा, हे मान्य. पण बाहेर नेण्याच्या प्रत्येक परवानगीवर आणि वॉर्डातल्या प्रत्येक वाढीव दिवसावर दुसऱ्या डॉक्टरची सही हवी, आणि ती फाईल न्यायाधीशांसमोर जायला हवी. एवढं झालं तर माझा विरोध नाही.

खटावची_माती

मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

रेवाकाठ

देते, खटावकर.

तुमच्या मावशीला डॉक्टर मिळत नाही हा अन्यायच आहे, आणि तुरुंगातल्या माणसाचा हक्क सांगताना मी तो लहान करणार नाही. पण तुम्ही मावशीला एसटीत बसवून साताऱ्याला नेलंत. उसने पैसे काढलेत, एका डॉक्टरचं पटलं नाही तर दुसऱ्याकडे गेलात. माझ्या अशिलाला यातलं काहीच करता येत नाही. दाराची किल्ली सरकारने स्वतःकडे ठेवली की त्या माणसाच्या श्वासाची जबाबदारीही सरकारवर येते. म्हणूनच कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांत बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची सेवा आत द्या, असं म्हटलंय. बाहेरच्याहून जास्त द्या, असं नाही. आणि क्षयरोग भिंत पाहून थांबत नाही. दाटीच्या बरॅकमधला खोकला सुटणाऱ्यासोबत त्याच्या गावी जातो, वॉर्डरसोबत त्याच्या घरी.

ज्याने तुमच्या भावाला मारलं त्याला शिक्षा व्हावी, पूर्ण व्हावी. त्यासाठी तो निकालापर्यंत जिवंत असायला हवा. आरोपी आतच मेला तर खटला त्याच्यापुरता संपतो, आणि मावशीच्या हाती निकालही लागत नाही.

खटावची_माती

शेवटचं पटलं. बाकीचं नाही पटलं, खोटं बोलणार नाही. आमच्या केसची तारीख कधी असते तेही आम्हाला वकिलाच्या कारकुनाकडून कळतं, तेही कळलं तर. तुमच्या अशिलासाठी चार वेळा दवाखान्याची तारीख घेणारं कोणीतरी आहे. आमच्याकडे तेवढंही नाही.

रेवाकाठ

हे मी आधीच विचारायला हवं होतं. पीडितांच्या घरच्यांनाही विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. नुकसानभरपाईची योजना त्यांच्यामार्फतच चालते, आणि मावशींना स्त्री म्हणून मोफत वकील मागण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. आधार कार्ड आणि खटल्याचा नंबर घेऊन जा. अडलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, अर्ज मी लिहून देते.

बक्कलकाका, पाचवी तारीख येत्या गुरुवारची आहे. मुख्यालयाला पत्र पाठवायचंय, सोबत न्यायाधीशांना प्रत. कोणाच्या नावाने लिहू?

बक्कल_१४

राखीव पोलीस निरीक्षकांच्या नावाने. आजच द्या, आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: याआधी चार तारखा चुकल्या. त्या चारही तारखा एकाखाली एक.