म्हशींची जागा ठरल्याशिवाय पूर आराखडा पूर्ण झाला म्हणायचं का? (पंचगंगा काठ, जि. कोल्हापूर)

संगमकाठ

माझं घर प्रयाग चिखलीत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी एकत्र होऊन पंचगंगा पुढं निघते ती इथून. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पूर याच घरातून बघितले.

दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका होतात, आराखडा अद्ययावत होतो, बोटी तपासल्या जातात. हे सगळं व्हायलाच पाहिजे. तरी माझं स्पष्ट मत आहे की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की नदीकाठची गावं सक्तीनं हलवावीत, ४३ च्या धोका पातळीची वाट बघू नये. आणि आधी जनावरं हलवावीत, मग माणसं. आमच्याकडं माणूस अडकतो तो म्हशीच्या दाव्याला.

२०१९ ची गोष्ट सांगतो. २००५ चं पाणी कुठंवर आलं होतं ती खूण बाबांनी गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं ओढून ठेवली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला गावात दवंडी फिरली, फोन आले. बाबा त्या रेघेकडं बोट दाखवून म्हणाले, "याच्या वर कधी आलं नाही." आम्ही थांबलो. रात्री पाणी गव्हाणीत शिरलं. मी कंबरभर पाण्यात एकेका म्हशीचं दावं सोडत होतो. भिजलेल्या दोराची गाठ सुटत नाही, विळ्यानं कापावी लागली. चार म्हशी पोहत उंचवट्याला लागल्या. दीड वर्षाची रेडी कोपऱ्यात होती. तिच्यापर्यंत मी पोहोचलो नाही. सकाळी रेघ पाण्याखाली तीन हात होती. त्या वेळी बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं. २०२१ ला तर ५६ पार झाले.

म्हणून विचारतो, सक्ती का नको? आणि आराखड्यात जनावरांचं पान का नाही?

महसुलात ३१ वर्षं

तुमच्या घरचं नुकसान वाचून वाईट वाटलं, पण सक्तीला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आहे.

कायद्यात बळ नाही असं नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३४ नं जिल्हा प्राधिकरणाला लोकांच्या ये-जा करण्यावर नियंत्रण ठेवता येतं. कलम ५१ खाली आदेश धुडकावणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण पुराच्या रात्री मी तीन गावांचा एकटा तलाठी, सोबत एक कोतवाल. कुणाला धरून नेणार? आणि ज्याला धरून नेलं तो पुढच्या वेळी माझा फोन तरी उचलेल का?

दुसरं असं, की ३९ फूट ही पातळी पावसाळ्यात अनेकदा गाठली जाते. पाणी ४०-४१ ला टेकतं आणि पाऊस उघडला की उतरतं. प्रत्येक वेळी गाव उठवलं, ट्रॅक्टरचं डिझेल जाळलं, दोन दिवसांचं दूध बुडालं आणि पाणी आलंच नाही, तर तिसऱ्या वेळी खराखुरा पूर येतो तेव्हा कुणी हलत नाही. सगळा आराखडा लोकांच्या भरवशावर उभा असतो, तो असा उधळून चालत नाही.

आणि जनावरांचं पान आराखड्यात नाही, हे बरोबर नाही. पशुसंवर्धन विभागाकडं ती जबाबदारी असते.

संगमकाठ

अण्णा, पान असतं, मान्य. पण आमच्या गावाचं जे पान मला बघायला मिळालं त्यावर खात्याचं नाव होतं, जागेचं नव्हतं. कोणाच्या रानात, किती म्हशी, वैरण कोण देणार, धार कुठं काढायची, दूध कुठल्या गाडीनं जाणार? आमच्या गल्लीत ६४ म्हशी आणि तीन ट्रॅक्टर आहेत. एका खेपेला ट्रॉलीत चार म्हशी. हिशेब करा, किती खेपा आणि किती तास. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की आंबेवाडी-चिखलीचा कोल्हापूरकडचा रस्ता तुटतो. त्याआधी या खेपा संपायला हव्यात. पण हा हिशेब कुठल्याच कागदावर मांडलेला मी बघितला नाही.

शिरोळचा ऊसवाला

तुमची सगळी चर्चा पळायचं कसं यावर चालली आहे. आम्ही कृष्णा-पंचगंगेच्या संगमाखालचे, नृसिंहवाडी-कुरुंदवाडकडचे. वरचं सगळं पाणी आमच्या अंगावर येतं आणि पुढं सरकत नाही. आठ-आठ दिवस ऊस पाण्यात राहतो, शेंड्यापर्यंत गाळ बसतो. खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटर असतानाच ही गत, आणि कर्नाटकाला ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची आहे. मूळ दुखणं तिथं आहे. जिल्ह्याच्या आराखड्यात पहिलं पान धरणांच्या पाणी सोडण्याचं हवं. गोठ्याचं पान नंतर.

पाटबंधाऱ्यातला

शिरोळच्या दादा, धरणामागं पाणी तुंबून येणाऱ्या फुगवट्याची भीती मी नाकारत नाही, त्यावर दोन राज्यांत समन्वय हवाच. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये दिलेल्या अहवालात अलमट्टीला त्या पुराचं कारण धरलेलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर भर होता. आपल्याकडं हे फारसं कुणाला पटलेलं नाही, तेही ठाऊक आहे.

मला वेगळंच सांगायचंय. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. ते कुणी बटण दाबून उघडत नाही, त्यामुळं "धरण आधी रिकामं का केलं नाही" या प्रश्नाला तिथं मर्यादा आहेत. पण कितवा दरवाजा कधी उघडला हे क्षणात कळतं, आणि वर गगनबावड्यात किती पाऊस झाला हेही कळतं. गाव हलवायचा निर्णय बंधाऱ्यावरच्या एका आकड्यावर घेण्यापेक्षा या तीन गोष्टी एकत्र बघून घ्या. ३९ फूट पाणी आहे, गगनबावड्यात उघडीप आहे, राधानगरीचे दरवाजे बंद आहेत, तर थांबता येतं. ३७ च आहे, पण वर कोसळतोय आणि पाच दरवाजे उघडलेत, तर निघायचं. महसूलवाल्या अण्णांनी सांगितलेली फुकटची धावपळ यानं बरीच टळेल.

शिरोळचा ऊसवाला

समितीनं काय लिहिलं ते वाचलंय. माझ्या उसात पाणी किती दिवस उभं राहतं ते मी मोजलंय. दोन्हीचा मेळ बसत नाही, एवढंच म्हणतो. दरवाजांचा मुद्दा मात्र मान्य.

बावड्याच्या बाई

मी प्राथमिक शिक्षिका. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या शाळेत निवारा केंद्र होतं, दोन्ही वेळा मी तिथं होते. तुम्ही फूट, क्युसेक आणि म्हशी मोजताय. बाया घर का सोडत नाहीत, हे कुणी विचारलं?

दोनशे माणसं आणि चार शौचालयं, त्यातली दोन मुलांच्या मापाची. पहिल्या रात्री बायका पाणीच पीत नव्हत्या, रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून. एक आठ महिन्यांची गरोदर मुलगी होती, तिला जमिनीवरून उठवायला दोघी लागायच्या. एका आजींचं इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये राहिलेलं, आणि तिथं छातीभर पाणी. मी माझ्या घरून खाट आणली. इन्सुलिनसाठी एका पोरानं ट्रॅक्टरवर बसून जाऊन औषधाचं दुकान उघडायला लावलं. असं जिथं भोगलंय, तिथं दुसऱ्यांदा कोण खुशीनं जाईल? सक्ती करणाऱ्यांनी आधी केंद्रात एक रात्र काढावी.

गरोदर बायांची यादी आशा ताईंकडं असते, साखर-रक्तदाबवाल्यांची आरोग्य उपकेंद्रात असते. या याद्या ३१ मे पर्यंत निवारा केंद्रात पोहोचल्या पाहिजेत. यात पैसा लागत नाही. सुतारवाड्यातली कुटुंबं कोल्हापुरात दर पुराला पहिल्यांदा हलतात, त्यांना कुठं जायचं हे वर्षानुवर्षं ठाऊक असतं, म्हणून ती हलतात. ठरलेली, बघितलेली जागा असली की माणूस उठतो.

संगमकाठ

बाई, हे माझ्या डोक्यात नव्हतं. आई २०२१ ला केंद्रातून दुसऱ्या दिवशी परत आली होती, का ते तिनं सांगितलं नाही. आज विचारतो तिला.

आपदा मित्र

मी प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक. बोटीबद्दल बोलतो.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जण गेले. बोटीत माणसं जास्त होती, अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. पाच-सहा दिवस पाण्यात वेढलेली माणसं बोट दिसली की झेपावतात, त्यांना दोष देता येत नाही. गर्दी थोपवणारा माणूस काठावर लागतो. बोट चालवणाऱ्याला बोट आणि गर्दी दोन्ही सांभाळणं जमत नाही.

आमच्या एका सरावात बोटीचं यंत्र सुरूच होईना. वर्षभर शेडमध्ये उभं, टाकीत जुनं पेट्रोल. चाळीस मिनिटं दोरी ओढली. पाहुणे आले, फोटो झाले, सराव झाला अशी नोंद झाली. तो दिवस पुराचा असता तर? माझी मागणी एवढीच की महिन्यातून एकदा यंत्र पाण्यात चालवावं, नोंदवही गावात ठेवावी आणि ती कुणालाही बघता यावी. एनडीआरएफ पुण्याजवळच्या सुदुंबरेहून येतं. आता पावसाळ्यात तुकडी आधीच येऊन थांबते हे चांगलंय, पण २०१९ ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कोल्हापूर तुटलं होतं हे विसरू नका. पहिले चोवीस तास गावाचे आणि आमचे.

सक्तीबद्दल मी संगमकाठच्या बाजूचा. रात्री दोन वाजता छपरावरून माणूस काढणं आणि दुपारी दोनला ट्रॅक्टरनं नेणं यात जिवाचा फरक आहे, आमच्यासुद्धा.

सोनतळीला यावं

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही सगळी मलमपट्टी आहे. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीसाठी सोनतळीला जागा दिली गेली. मी तिथं घर बांधलं. २०२१ ला शांत झोपलो. ज्यांना भूखंड मिळाले तेही पावसाळा संपला की परत नदीकाठी जातात आणि दर पुराला शासनानं यावं म्हणतात. निळ्या पूररेषेच्या आत घर असेल तर आराखडा कितीही चांगला करा, पाणी येणारच.

संगमकाठ

राग नाही. पण सगळ्यांना तिथं भूखंड मिळालेले नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि मिळाला त्याच्या भूखंडात घर बसतं, गोठा बसत नाही. माझ्या सहा म्हशी आहेत, पहाटे चारला धार काढून गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध न्यायचं, वैरण नदीकाठच्या रानात. घर सोनतळीला आणि म्हशी चिखलीत असं कसं जमेल? गोठ्यासकट जागा द्या, उद्या येतो.

सोनतळीला यावं

गोठ्याचा मुद्दा रास्त आहे. मी म्हशी विकून आलो, ते सगळ्यांना जमणार नाही. तरी जे येऊ शकतात त्यांनी यावं, यावर मी ठाम आहे.

महसुलात ३१ वर्षं

पाटबंधाऱ्यातल्यांचा तीन गोष्टींचा हिशेब आणि बाईंच्या याद्या वाचून थोडं पुढं सरकतो. जनावरं ३९ च्या आधीच हलवावीत, ती हलली की माणूस आपण होऊन निघेल, सक्तीची गरजच पडणार नाही. पण खर्च कुणी करायचा? पाणी आलंच नाही तर त्या खेपांचं डिझेल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं हा प्रश्न मी नोकरीत असताना सुटला नाही. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. २०२२ पासून काही वर्षं परिषदेवर प्रशासक होते, निवडून आलेला माणूस त्या खुर्चीत नव्हता. असे प्रश्न रेटून नेणारा तोच असतो. आता तरी ग्रामसभेत ठराव करून हा खर्च मागा. पूर आल्यावरचं नको, येण्याआधीचं डिझेल मागा. सक्तीला मात्र माझा विरोध आहे तो आहेच.

संगमकाठ

ठराव मांडतो. सक्तीवर आपलं जमणार नाही अण्णा, मी ती रेडी विसरू शकत नाही.

जोतिबा पायथा

मी इतका वेळ नुसता वाचत होतो. आमचं गाव उंचावर, पूर बघायला आम्हाला खाली यावं लागतं. माझं जुनं कोंबड्यांचं शेड रिकामं आहे. बांधून घेतलं तर दहा म्हशी बसतील, बोअरचं पाणी आहे. एका बाजूचा पत्रा उडालाय, तो १५ मे च्या आत बसवतो. वैरण तुम्ही आणा, आणि येताना रेडेडोहाची वाट बघू नका. शेजारच्या दोघांना विचारतो, त्यांच्याकडंही जागा आहे. कुणाच्या किती म्हशी ते लिहून कळवा.