मदत हवी आहे: जुन्या पिनबॉलचा आवाज गेलाय, स्पीकर मात्र ठणठणीत

मंडळी, पिनबॉल मशीन उघडून बसणारं कोणी इथे असेल तर जरा बघा. माझं डोकं चालेनासं झालंय.

मशीन १९८० च्या आसपासचं, सॉलिड स्टेट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर चालणारं). खेळ नीट चालतो. फ्लिपर, बंपर, दिवे, गुणांचे आकडे, कशाचीच तक्रार नाही. फक्त मुकं झालंय. आधी आवाज मधूनमधून जायचा, बॅकबॉक्सवर (मागची उभी पेटी) थाप मारली की परत यायचा. (हो, थापच मारायचो. जुन्या टीव्हीची सवय.) मग एक दिवस गेला तो गेलाच. आता थापेलाही दाद देत नाही.

आतापर्यंत केलेली खटपट:

स्पीकरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल टेकवला, 'टक' असा स्वच्छ आवाज आला. मीटरवर साडेसहा ओहम दाखवतो, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर शाबूत आहे. व्हॉल्यूमचं बटण कॅबिनेटमध्ये, नाण्यांच्या दाराच्या आत. त्याच्या लांबलचक वायरी बझर लावून तपासल्या, तुटलेली एकही नाही.

साउंड बोर्डवर अॅम्प्लिफायरची आयसी टीडीए २००२ आहे, पाच पिनांची. ५ नंबरला १३.४ व्होल्ट, ४ नंबरला ६.७. आउटपुट सप्लायच्या बरोबर निम्मं, म्हणजे हवं तसं. स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला बोट लावून टोक १ नंबरच्या पिनला टेकवलं तर स्पीकरमधून 'भूंऽऽ'. म्हणजे अॅम्प्लिफायर जिवंत आहे.

बोर्डला तीन सप्लाय येतात. कनेक्टरवर मोजले: +५ च्या जागी ४.९६, +१२ च्या जागी १३.४, −१२ च्या जागी −१२.९. तिन्ही आहेत.

बोर्डवर टेस्टचं एक छोटं बटण आहे. दाबलं की बोर्डाने आपले सगळे आवाज ओळीने वाजवून दाखवायला हवेत. ते दाबलं तरी चिडीचूप.

आता माझा संशय रॉमवर आहे, म्हणजे बोर्डाचा प्रोग्रॅम साठवलेल्या चिपवर. रॉम नवीन करून घ्यावी की अख्खा बोर्डच बदलावा? ४०-४५ वर्षं जुन्या बोर्डावर उगाच सोल्डरिंग आयर्न फिरवायला हात धजत नाही.

प्रतिसाद १

कपॅसिटर सगळे बदलून टाका. एवढ्या वर्षांत वाळले असणार. ८० टक्के आजार त्यानेच जातात.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी असहमत. कपॅसिटर वाळले की घरघर वाढते, आवाज दबतो. आवाज असा झटक्यात गायब होऊन थापेने परत येत नाही. आणि कारण न कळता पंचवीस जागी आयर्न टेकवलं तर जुन्या बोर्डाचे ट्रॅक उचलले जातात. मग एका दोषाचे तीन होतात.

रॉमवर लगेच खापर फोडू नका. लॉजिक प्रोब (पिनवर सिग्नल हलतोय का ते दिव्याने दाखवणारं पेन) आहे का? ऑसिलोस्कोप नसला तरी चालेल. अॅम्प्लिफायरच्या अलीकडे १६ पिनांची १४०८ आयसी असेल, तो डॅक. प्रोसेसर आकडे पाठवतो, डॅक त्यांचा आवाज करतो. ते आकडे ५ ते १२ या आठ पिनांवर येतात. टेस्टचं बटण दाबून प्रोब एकेका पिनवर ठेवा. लुकलुकला तर प्रोसेसर, रॉम आणि आकडे पुढे पोहोचवणारी मधली ६८२१ चिप, तिघंही कामावर आहेत. एकदम मुडदा असेल तर प्रोसेसरची, म्हणजे ६८०८ ची, ४० नंबरची रीसेट पिन बघा, ती वर (+५ च्या जवळ) असायला हवी.

बोर्ड काढायचा झाल्यास नुसता स्विच बंद करू नका, प्लगच काढा. आणि चालू मशीनमध्ये कनेक्टर ओढायचा नाही म्हणजे नाही.

धागाकर्ता

प्रोब लावला. आठही पिनांवर लुकलुकतंय! बटण दाबलं की जोरात, मग थांबतं. म्हणजे रॉम सुटली म्हणायची. थोडक्यात वाचलो, ऑर्डर करणारच होतो. मग डॅकच उडालाय का?

प्रतिसाद २

उडाला असेलही, पण त्याआधी एकच गोष्ट. व्होल्टेज तुम्ही कनेक्टरवर मोजलंत. आता आयसीच्या पिनवर मोजा. १४०८ च्या १३ नंबरला +५ हवेत आणि ३ नंबरला −१२. तुमचा अॅम्प्लिफायर एकट्या +१२ वर चालतो, म्हणून 'भूंऽऽ' येणारच. पण डॅकला उणे सप्लाय मिळाला नाही तर तो आकडे गिळून गप्प बसतो.

आणि थाप मारली की आवाज यायचा, हे सुरुवातीलाच तुम्हीच लिहिलंय.

धागाकर्ता

३ नंबरवर शून्य! १३ नंबरवर ४.९५.

मग बराच वेळ डोकं खाजवलं, कारण कनेक्टरवर पुन्हा मोजलं तर −१२.९ आहेच. शेवटी मीटरचा एक प्रोब डॅकवर पक्का धरला आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी काडीने कनेक्टरच्या पिना एकेक करून ढकलल्या. चौथी पिन ढकलली आणि मीटरवर −१२.८. काडी उचलली, शून्य.

प्लग काढून बोर्ड उलटा केला. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. भिंगातून पाहिलं तर त्या पिनभोवतीच्या सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल रेघ, पूर्ण वर्तुळ. मी प्रोब टेकवत होतो तो पिनवर, भेगेच्या वरच्या बाजूला. तिथे व्होल्टेज असणारच, ते खाली ट्रॅकपर्यंत उतरतच नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

जुनं सोल्डर ओढून घेतलं, नवीन भरलं, शेजारच्या सगळ्या पिनाही करून टाकल्या. बटण दाबलं आणि रात्री साडेअकराला अख्खं घर जागं झालं, कारण व्हॉल्यूम पूर्ण वर राहिला होता.

एक शंका राहिली. आता खेळताना स्पिनर आणि डावीकडचं टार्गेट यांचा आवाज हुबेहूब एकच येतो. पूर्वी वेगळा होता. टेस्टमध्ये मात्र सगळे आवाज वेगवेगळे वाजतात.

प्रतिसाद २

छान! ड्राय सोल्डरच. सॉलिनॉइडचे (फ्लिपर-बंपर हलवणाऱ्या विजेच्या कॉइलचे) दणके वर्षानुवर्षं बसतात, आणि कनेक्टरच्या पिनांवर वायरींचा ओढा असतो, म्हणून भेग बहुतेक तिथेच पडते.

उरलेलं सोपं आहे. टेस्टमध्ये सगळं वाजतं म्हणजे बोर्ड निर्दोष, गडबड मुख्य बोर्डाकडून येणाऱ्या हुकमात आहे. पाच वायरी असतील तर त्यांच्या चालू-बंद जुळणीवर कोणता आवाज वाजवायचा ते ठरतं. त्यातली एक तुटली की फक्त त्याच वायरीने वेगळे असलेले दोन आवाज एक होतात. एखादा आवाज अजिबात येत नसेल तर त्याचा हुकूम एकट्या त्याच वायरीवर असावा. मशीन बंद करून पाचही वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बझरने तपासा, प्रोब कनेक्टरच्या घरात नाही तर दोन्हीकडच्या बोर्डाच्या मागच्या सोल्डरवर ठेवून.

धागाकर्ता

तिसरी वायर. कनेक्टरच्या घरात पिनची पकड सैल होऊन वायर नुसती टेकलेली होती. नवीन पिन क्रिंप केली. स्पिनर पुन्हा स्पिनरसारखा वाजतोय.