वडिलांचा जुना एक-सिलिंडर आयशर : आधीचा रंग खरवडून काढावा की त्यावरच नवा मारावा?

मोसंबीबाग_अंबड

राम राम मंडळी. आमच्याकडं वडिलांनी घेतलेला जुना आयशर आहे, एकाच सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा. मोसंबीच्या दोन ओळींतून वळायला याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. २०१२-१३ च्या दुष्काळात बाग वाळली, झाडं तोडावी लागली आणि ट्रॅक्टर शेडमध्ये गेला तो गेलाच. आता परत बाग लावायलो, म्हणून त्याला बाहेर काढला. गावातल्या फिटरनं टाकी धुतली, नोजल साफ केलं, डिझेलच्या नळीतली एअर काढली. चालू झाला तेव्हा तो धाड-धाड आवाज ऐकून आई ओसरीवरून उठून आली.

इंजिनाचं काम झालं, अडलंय ते रंगापाशी. बोनेटवर रंगाचे तीन तरी थर आहेत, वरच्याचे पापुद्रे निघायलेत. मागच्या मडगार्डची खालची कड इतकी कुजली की बोट लावलं तर पत्रा दबतो. एक पेंटर म्हणतो, रॉकेलनं पुसून वरून ऑइल पेंटचे दोन हात मारू. दुसरा म्हणतो, एमआयडीसीत नेऊन सगळं सँडब्लास्ट करा, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं रंग उडवा. दसऱ्याच्या पूजेला तो अंगणात उभा राहावा असं मनात आहे. मूळ रंग कोणता होता तेही नक्की सांगता येईना. जाणकारांनी सांगावं.

शिवार_परभणी

दादा, पहिलं काम म्हणजे नंबर सांभाळा. चेसिसवर पंच केलेला नंबर ग्राइंडरखाली येऊ देऊ नका, त्यावर लांबी (पुट्टी) तर अजिबात भरू नका. पुढं मालकाचं नाव बदलायचं झालं तर आरटीओत पेन्सिलनं त्याचा ठसा मागतात. कंपनीची प्लेट रिव्हेट तोडून काढू नका, जुनी प्लेट वाकली की परत सरळ होत नाही. व्हॅसलिन लावून वर टेप मारा.

पेंटर_काका_लातूर

उभा जन्म गाड्या आणि ट्रॅक्टर रंगवण्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पापुद्रे निघायलेत त्यावर नवा रंग टिकत नाही. खालचा थर सुटला की वरचा त्याच्यासंगं येतो. खरवडावंच लागेल. पण बोनेट आणि मडगार्ड सँडब्लास्टला देऊ नका, पातळ पत्रा त्या माऱ्यानं फुगतो, लाटा येतात, मग त्या लाटा झाकायला लांबीचा थर चढवत बसावं लागतं. ब्लास्ट करायचंच तर रिम आणि पुढचा अ‍ॅक्सल द्या, आणि त्याच दिवशी अस्तर (प्रायमर) मारून घ्या, उघडं लोखंड लगेच गंज धरतं. पत्र्याला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, शेवटी ३२०. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासा. धूळ उडू देऊ नका, लेकरांना जवळ थांबू देऊ नका.

मूळ रंग शोधायला बाहेर बघू नका. बॅटरीच्या पेटीमागं, डॅशबोर्डच्या पाठीमागं, बोनेटच्या आतल्या घडीत बघा. तिथं ऊन पोचलेलं नसतं आणि मागून रंगवणाऱ्याचा ब्रशही पोचलेला नसतो. तेवढी जागा थिनरच्या फडक्यानं हळूच पुसा, खालून जो रंग निघेल तो कंपनीचा. एखादा छोटा पत्रा तसाच दुकानात न्या, डोळ्यासमोर शेड जुळवून घ्या. आणि आरसीत लिहिलेला रंगही बघून ठेवा.

रॉकेलनं पुसलं तर त्याचा तेलकटपणा मागं राहतो. नंतर थिनरनं पुसल्याशिवाय अस्तर नको. रेड ऑक्साइडचं अस्तर मारून ट्रॅक्टर पावसात उभा करू नका, ते पाणी पितं आणि आतून गंज सुरू होतो. आधीचा रंग ऑइल पेंटचा असेल आणि वरून एनसी (नायट्रोसेल्युलोजचा, झटपट सुकणारा रंग) मारला तर एनसीचा थिनर खालचा रंग उचलतो, सगळ्या अंगावर सुरकुत्या पडतात. पीयू (पॉलियुरेथेनचा, हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारला तर डिझेल सांडल्यानं लवकर खराब होत नाही, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला फार वाईट. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्याचा वेगळा मास्क लागतो. घरी करणार असाल तर सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ऑइल पेंटच बरा, दोन थरांत एक रात्र जाऊ द्या.

राहिला दसरा. दसऱ्यापर्यंत हवेत ओल असते, कंप्रेसरच्या टाकीत पाणी जमतं आणि ते स्प्रे गनमधून रंगात उतरतं. दसऱ्याला हार घालून अस्तरातच पूजा करा, देवाला चालतं. रंग दिवाळीनंतर. आमच्या लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळं घर रानात जातं, तोवर ट्रॅक्टर तयार करा. मे महिन्याची वाट मात्र बघू नका, त्या उन्हात रंग पत्र्यावर पडायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत बसतो.

मोसंबीबाग_अंबड

काका, फार मोलाचं सांगितलंत. बॅटरीच्या पेटीमागं लगेच बघितलं, तिथं लाल निघाला, आत्ताच्यापेक्षा गडद. घाई सोडली, दिवाळीनंतरच करतो. सिलिंडरवरच्या पात्या पण त्याच रंगात घ्यायच्या का?

फिटर_जालना

नाही. ते इंजिन त्या पात्यांवरच थंड होतं. जाड रंग बसला की उष्णता आत कोंडते. आधी पात्यांच्या मधली तेल-मातीची खपली पातळ लाकडी पट्टीनं काढा, डिझेल लावून ब्रशनं धुवा. पंख्याचं कव्हर खोलून आतला भुसा काढा, बागेतल्या ट्रॅक्टरमध्ये तिथं पाला हमखास अडकलेला असतो. रंग द्यायचाच असेल तर उष्णता सोसणारा काळा, एकच पातळ हात, अस्तर नाही आणि लांबी नाही.

मडगार्डची कुजलेली कड लांबीनं भरू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीची पट्टी गॅस वेल्डिंगनं जोडा आणि आतल्या बाजूलाही रंग द्या. चिखल आतूनच लागतो.

मोसंबीबाग_अंबड

पट्टी उद्याच कापून घेतो. अस्तरातला फोटो दसऱ्याला टाकीन.