मदत हवी: लिपिड बदललं की रिसेप्टर 'अनकपल्ड' का होतो? सोमवारी सेमिनार आहे

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतोय, दुसरं वर्ष. मेंब्रेनमधले (पेशीच्या पडद्यातले) लिपिड, म्हणजे चरबीसारखे रेणू, आणि न्यूरोट्रान्समिटर रिसेप्टर (नसांचे रासायनिक निरोप घेणारे प्रोटीन) हा विषय मीच हौसेनं घेतला आणि आता एका जागी रुतून बसलोय.

बारावीपासून डोक्यात एकच, मेंब्रेन म्हणजे लिपिडचा समुद्र, त्यात प्रोटीन तरंगतात, सिंगर-निकोल्सनचं १९७२ चं मॉडेल, विषय संपला. लिपिड म्हणजे नुसतं भरताड. पण निकोटिनिक ॲसिटिलकोलीन रिसेप्टर (ॲसिटिलकोलीन हा निरोप्या रेणू चिकटला की आयनांसाठी उघडणारा चॅनेल) वाचायला घेतला आणि सगळं उलटंपालटं झालं. टॉर्पेडो म्हणून वीज सोडणारा मासा असतो, त्याच्यात हा खच्चून भरलेला. पाच सबयुनिट (तुकडे), प्रत्येकाच्या चार हेलिक्स (पिळाच्या दांड्या) मेंब्रेनमधून आरपार, एम१ ते एम४. तो शुद्ध करून फॉस्फॅटिडिलकोलीन या एकाच लिपिडमध्ये बसवला तर ॲसिटिलकोलीन येऊन चिकटतं, पण चॅनेल उघडतच नाही! तेच त्यात फॉस्फॅटिडिक ॲसिड आणि कोलेस्टेरॉल घातलं (तिघांचं प्रमाण ३:१:१) की पठ्ठ्या कामाला लागतो.

मला हे कळलं पप्पांच्या जुन्या स्कूटरमुळे. गेल्या पावसाळ्यात विजापूर रोडला क्लचप्लेट गेली, रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलतंय, गिअर पडलाय, गाडी जागची हलेना, सात रस्त्यापर्यंत ढकलत आणली. अनकपल्ड म्हणजे तेच ना? ॲसिटिलकोलीन बसायची जागा वर, पेशीच्या बाहेर, गेट खाली मेंब्रेनमध्ये, आणि मधली जोडणीच सुटली.

आता अडतंय ते इथं. चॅनेलचं भोक (पोअर) बनतं एम२ चं, तो आत. लिपिडला जास्त टेकतो तो एम४, सगळ्यात बाहेरचा. मग अंगणातल्या गड्याला धक्का लागला तर देवघरातली घंटा का बंद पडावी? दुसरं म्हणजे कोलेस्टेरॉल स्वतः एखाद्या खाचेत जाऊन बसतं, की मेंब्रेनची जाडी नि घट्टपणा बदलतो म्हणून हे होतं? सर हेच विचारणार, पक्कं. मित्राला विचारलं तर म्हणतो, "का बे, एवढं डोकं कशाला लावतो, चित्र मोठं टाक की."

(आईचा वेगळाच प्रश्न, पप्पांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, मेंदूचं पण कमी होईल का? तिला सांगितलं, मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो, रक्तातलं तिकडं जवळजवळ जातच नाही. हे तरी बरोबर ना?)

कडकभाकरी: आईचं बरोबर सांगितलंस. एम४ चं शेपूट मेंब्रेनच्या वर डोकावतं आणि सिस-लूपपाशी (बाहेरच्या भागातल्या प्रोटीनच्या एका वळशापाशी) पोचतं, म्हणजे नेमकं जिथं वरचा आणि खालचा भाग जुळतो तिथं. लिपिड बरं असलं की एम४ हा एम१ आणि एम३ ला बिलगून राहतो, नाहीतर ढिला पडतो. तुझा अंगणातला गडी घंटेची दोरी धरून उभा आहे बघ. पण हे मॉडेल आहे, 'सिद्ध झालंय' म्हणू नको, पकडतील.

हुतात्मा_एक्स्प्रेस: दुसऱ्या प्रश्नासाठी सेरोटोनिन-१ए रिसेप्टर बघ, हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या ग्रुपनं केलंय. मेंब्रेनमधलं कोलेस्टेरॉल काढलं, लिगँड बाइंडिंग (रिसेप्टरला रेणू चिकटणं) घसरलं, परत घातलं, परत आलं. मग त्याच्या जागी ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल घातलं, फरक फक्त एका डबल बाँडचा, तर मेंब्रेनचा घट्टपणा परत आला पण बाइंडिंग नाही आलं. म्हणजे नुसता घट्टपणा पुरत नाही. फक्त हा जीपीसीआर आहे (जी-प्रोटीनमार्फत निरोप पुढे देणारा, चॅनेल नव्हे), सात हेलिक्सवाला, निकोटिनिकवर जसंच्या तसं चिकटवू नको.

धागाकर्ता: आई शप्पथ, एका डबल बाँडसाठी एवढं! दोघांना शेंगाचटणी लागू. क्लचची स्लाइड ठेवतो, पुढच्याच स्लाइडला हा प्रयोग. आता एकच, निकोटिनिकला असंच स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला रेणू) बदलून बघितलंय का कुणी? रात्रीपर्यंत जागाच आहे मी.