मदत हवी आहे: फिरत्या ड्युटीवाल्यांची नोकरी-घर ओढाताण मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात पीएचडी करतेय. विषय आहे एसटीच्या महिला वाहक. नोकरीचा घरावर आणि घराचा नोकरीवर किती परिणाम होतो, ते मोजायचं आहे. इथे सर्वेक्षणं केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

हाताशी दोन प्रश्नावल्या आहेत. नेटेमायर आणि सहकाऱ्यांची १९९६ची: दोन्ही दिशांची पाच-पाच विधानं, सहमतीच्या सात पायऱ्या. दुसरी नेदरलँड्समधली 'स्विंग': २२ प्रश्न, 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा चारच पायऱ्या, शिवाय चांगला परिणामही विचारते. सात पायऱ्या तोंडी वाचून दाखवल्या की समोरची बाई वैतागते, त्यामुळे माझा कल स्विंगकडे.

पण चाचणीतच घोळ लक्षात आला. मुक्कामी गाडी लागलेल्या आठवड्यात एक ताई म्हणाल्या, "पोराला शेजारी झोपवून आलेय, आता काय ते तुम्हीच लिहा." त्याच ताई सकाळच्या ड्युटीवर आल्यावर, "काही त्रास नाही हो, चार वाजता घरी असते." मग मी त्यांना मोजतेय की ड्युटीचा तक्ता?

मार्गदर्शक म्हणतात, एकदाच विचार, क्रॉनबाख अल्फा ०.७०च्या वर आला की झालं. पण अल्फा फक्त प्रश्नांचा आपापसात मेळ बसतो का एवढंच सांगतो. पुढच्या आठवड्यात उत्तर तेच राहील का, हे त्यातून कुठे कळतं?

तर 'गेल्या महिन्याभरात' असं म्हणून एकदाच विचारू, की मुक्कामी आणि दिवसाच्या ड्युटीला त्याच बाईला दोनदा? दोनदा विचारलं तर नमुना, म्हणजे सर्वेक्षणातल्या बायकांची संख्या, निम्म्यावर येईल. ते चालेल, पण विश्लेषण कसं करायचं?

आणखी एक. घराचा कामावर परिणाम विचारला की जवळपास सगळ्या 'कधीच नाही' म्हणतात. घरच्या काळजीने हिशोब चुकतो, हे डेपोच्या आवारात कोण कबूल करणार! घरी जाऊन विचारावं तर सासूबाई शेजारी बसतात.

नर्स किंवा कंपनीतल्या तीन पाळ्यांच्या कामगारांवर कोणी असं काम केलंय का? मुलाखत कुठे घेतलीत आणि किती काळाचं विचारलंत, तेवढं सांगा. स्विंगचं मराठी रूप कोणाकडे असेल तर प्लीज व्यनि (वैयक्तिक निरोप) करा.